आईच्या निधनवार्तेत एक दुरुस्ती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर माझ्या आईच्या निधनाची बातमी आली होती. चार ओळींची. ‘वृद्धापकाळाने निधन झाले. त्या ९२ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.’ शेवटच्या ओळीत त्या कुणाच्या मातोश्री होत्या ते होतं, म्हणजे माझं नाव, आणि मी बेस्टमधून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालो हेही. आपल्याकडून छपाईत काही चूक झालेली नाही. मजकूर मीच लिहून दिला होता.

त्या दिवशी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, “तू काय काम करायचास ते आलंय. आई काय करायची ते कुठाय?”

मी गप्प. तिला अजून माहीत नव्हतं की मृत्यूच्या दाखल्यासाठी फॉर्म भरताना खिडकीतल्या माणसानं “व्यवसाय?” असं विचारलं, तेव्हाही मी “गृहिणी” असंच सांगून आलो होतो. तो लिहून मोकळा झाला. माझ्यामागे आठ माणसं उभी होती.

आईचं नाव बातमीत एकदा येऊन गेलं आहे, म्हणून पुन्हा देत नाही. तसंही त्या नावानं तिला हाक मारणारं साठ वर्षांत कुणी नव्हतं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत आणि जवळपासच्या दोन-तीन गिरण्यांच्या गेटांवर ती ‘मावशी’ होती. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावशीची खाणावळ होती. हे वाक्य मी वयाच्या ६९ व्या वर्षी पहिल्यांदा लिहितो आहे.

ज्यांनी गिरणगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिरणीतले बहुतेक कामगार सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, मालवणकडचे. बायकापोरं गावी. इथं एकेका गाळ्यात पंधरा-वीस जण राहायचे, एक पाळी झोपायची तेव्हा दुसरी कामावर. पथारी एक आणि तिच्यावर पाठ टेकणारे दोन, असंही असायचं. यांच्या पोटाची सोय करायच्या त्या खाणावळवाल्या बायका. दारावर पाटी नाही, परवाना नाही, गल्ला नाही. महिन्याचा दर ठरलेला, पगार झाला की पैसे. त्या काळच्या मुंबईच्या कापडधंद्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, सूत किती निघालं नि कापड किती विणलं याचे आकडेही सापडतात. ते विणणाऱ्यांना रांधून कोण वाढत होतं, हे मात्र त्यात शोधावं लागतं.

वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. १९६४ च्या पावसाळ्यात शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात वारले. मी नऊ वर्षांचा, बहीण बारा, धाकटा चार. आई ३२ ची असावी. असावी म्हणतो, कारण तिच्या आधार कार्डावरची १ जानेवारी १९३२ ही तारीख कार्ड काढणाऱ्या पोरानं दिलेली होती. ती स्वतः “मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली” एवढंच सांगायची, आणि कोणता पूर ते सांगायची नाही.

तेराव्याला काका आले. पाटण तालुक्यात, हेळवाकच्या वरच्या अंगाला आमची वीस गुंठे जमीन. काका म्हणाले, “वहिनी, पोरं घिऊन गावाकडं चला. दोन घास कमी पडायचं न्हाईत.” आई म्हणाली, “भावजी, वीस गुंठ्यात तुमचीच पाच तोंडं हायती. त्यात माझी चार कशापायी?” काका दुसऱ्या दिवशी परत गेले. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला आजही दिसते, आणि तिचा मला राग येत नाही.

चौदाव्या दिवशी वडिलांच्या साच्याच्या आजूबाजूला काम करणारे पाच जण दारात आले. माणशी २८ रुपये, महिन्याचे आगाऊ, त्यांनी उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाले, “मावशी, उद्यापासून आमचं ताट तुमच्याकडं.” पुढं कधी कुणी म्हणालं की त्या पाच जणांनी दया दाखवली, तर आईला राग यायचा. “दया कसली? त्यांच्या आदल्या बाईची आमटी निवळ पाणी हुती.”

पाचांचे दोन वर्षांत २८ झाले. त्याहून जास्त तिनं कधी घेतले नाहीत, कारण गॅलरीत एका पंगतीला चौदाच जण बसायचे. साडेतीनला उठायची. चारला नळाला पाणी. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत पंधरा डबे भरलेले असत, ते मी आणि बहीण गेटावर पोचवून मग शाळेत जायचो. दिवसाला चौदा किलो पीठ लागायचं, दोन्ही वेळच्या मिळून सव्वाशे-दीडशे भाकऱ्या. चुलवणाशेजारची भिंत एवढी तापायची की पलीकडच्या बिऱ्हाडातली म्हातारी हिवाळ्यात तिला पाठ लावून बसायची आणि उन्हाळ्यात भांडायची. घाटावरच्यांना झणझणीत आमटी हवी, कोकणातल्यांना कालवण. आई दोन पातेली चढवायची. सुकट-बोंबील बुधवारी, मटण रविवारी. एप्रिल संपता संपता वर्षाची चटणी. लालबागच्या मिरची गल्लीत डंकावर ती स्वतः उभी राहायची, डंकवाल्याच्या हातावर नजर ठेवून. आम्ही तिघं घरी शिंकत.

तिशीतली विधवा आणि दारात रोज २८ पुरुष. चाळ काय बोलत असेल ते सांगायला नको. आईनं त्यावर कुणाशी वाद घातला नाही, नियम केले. पंगत गॅलरीत, उंबऱ्याच्या आत कुणी यायचं नाही. पिऊन आलेल्याला जेवण नाही. त्याच्या जागेवर ती ताट पालथं घालून ठेवायची. तोंडानं काही बोलायची नाही. धिप्पाड बॉयलरवाला गडी, एकदा ते पालथं ताट बघून कठड्याला धरून रडलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कपाळाला अबीर लावून आला. आईनं ताट सुलटं केलं, वाढलं आणि विचारलं, “घरी मनिऑर्डर केलीस का?”

त्या मनिऑर्डरी मी लिहायचो. पाचवीत होतो तेव्हापासून. फॉर्मच्या तळाशी दोन ओळींची जागा असे, तिच्यात ‘म्हशीला पेंड घेणे, पोरास शाळेतून काढू नये’ असलं काय काय बसवायचं. माझं अक्षर चांगलं झालं ते त्यामुळं, शाळेमुळं नाही.

आईला लिहायला येत नव्हतं. हिशेब भिंतीवर. एकेकाची कोळशानं काढलेली खूण: साचेवाल्याचा धोटा, मालवणच्या माणसाचा मासा, एकाचा नुसताच मोठा कान, कारण त्याला ऐकू कमी यायचं. खुणेपुढं जेवणाच्या उभ्या रेघा, खाडा झाला की फुली. दिवाळीला भिंतीला चुना लागायचा तेव्हा ती आदल्या रात्री भिंतीसमोर बसून सगळं पाठ करायची, आणि भिंत वाळली की पुन्हा उतरवून काढायची. रेघेचा फरक पडला असं २८ जणांत कधी कुणी म्हणालं नाही.

ती एकूण चार दिवस खाणावळ बंद ठेवून गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पुण्याला गाडी बदलून कराड, पुढं मिळेल त्या वाहनानं आणि शेवटी चालत ती माहेरी पोचली. घर बसलं होतं, माणसं वाचली होती. पाचव्या दिवशी पहाटे ती परत शेगडीपुढं होती. पायांची सालटी निघालेली. मी विचारलं, “आये, तिकडं काय झालं?” म्हणाली, “भिंती पडल्या. पीठ भिजव.”

भांडवल असं कधीच नसायचं. पगार महिन्यानं व्हायचा, वाणी रोज पैसे मागायचा. मधली फट भरायला सावकार. रुपयाला महिन्याला दहा पैसे व्याज. आईच्या पाटल्या आमच्या घरी कमी आणि सावकाराच्या तिजोरीत जास्त राहिल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई वाढली, रेशनवर मायलो (परदेशी लाल ज्वारी) मिळू लागला. त्याची लाल भाकरी बघून पंगतीनं तोंडं वाकडी केली तेव्हा आईनं आधी स्वतः खाऊन दाखवली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात ती दोनदा गेली. बाकीच्या बायका घरातलं जुनं लाटणं घेऊन आल्या होत्या, हिनं रोजचंच नेलं आणि ते हातातून निसटलं. संध्याकाळी चपात्या बाटलीनं लाटल्या. याचं दुःख तिला मोर्चा यशस्वी झाल्याच्या आनंदाहून मोठं होतं.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या या बाईंनी खाणावळवाल्यांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. आईचा नंबर पुढच्या वर्षी लागला. कर्ज १५०० रुपये. त्यासाठी सही हवी होती. अंगठा चालला असता, पण हिच्या डोक्यात बसलं की अंगठ्यानं घेतलेलं कर्ज सावकाराचं, सहीनं घेतलेलं बँकेचं. महिनाभर दुपारी तीन ते चार बहिणीनं तिला पाटीवर गिरवायला लावलं. तेव्हा ती ४४ ची होती. बँकेत सही करायला तिला पाच मिनिटं लागली, असं बरोबरच्या बायका सांगायच्या. त्याच संध्याकाळी पाटल्या घरी आल्या. त्यानंतर तिनं अंगठा कुठंही उठवला नाही. सही शिकली ती तेवढ्यावर थांबली नाही. आपलं दैनिक ती बोट ठेवून, मोठ्यानं वाचायची, पहिल्या पानापासून ‘निधन’पर्यंत.

आता माझं सांगतो. १९७२ साली अकरावीच्या फॉर्मवर ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं. वीस गुंठे होतीच. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना म्हणालो, “आई घरीच असते.” आई शेजारी बसली होती, हातात पोह्यांची बशी. तिनं काही म्हटलं नाही. घरीच असायची ती, खोटं काय त्यात? आणि आता दाखला. शेती, घरीच असते, गृहिणी. जिच्या भाकऱ्यांवर मी शिकलो, नोकरीला लागलो, तिचं काम सांगायची वेळ आली की माझी जीभ प्रत्येक वेळी आखडली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांवर या माणसांचा केवढा विश्वास होता हे आज सांगून पटणार नाही. अडीच लाख कामगार बाहेर. आईनं पंगत चालू ठेवली. “गिरण्या उघडल्या की देतील,” दोन महिने हेच. होळीपर्यंत निम्मे गावाला गेले. जाताना दोघे-तिघे सांगून गेले, बाकीचे लाजेनं न सांगता. पाटल्या पुन्हा गेल्या, त्या आल्या नाहीत. मोठी पातेली विकली. शेवटी पंगतीला नऊ जण उरले, तेव्हा तिनं एक शंभर पानी वही आणून भिंतीवरचा हिशेब वहीत उतरवला. नाव, गाव, बाकी. एकूण ६,३४० रुपये. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही, तसाच तो हिशेबही राहिला.

ती मग ऑफिसच्या डब्यांना पोळ्या लाटून देऊ लागली. पोळीला पंधरा पैसे. त्यावर धाकट्याचं आयटीआय झालं. लाटणं खाली ठेवलं तेव्हा ती ७४ वर्षांची होती, आणि तेही उजवा खांदा वर जाईना म्हणून.

वहीतले पैसे येत राहिले, पण कसे! १९९४ साली तारळ्याकडचा एक म्हातारा पोतंभर घरचा तांदूळ आणि ९०० रुपये घेऊन आला. आईनं वही काढली. “तुझी बाकी ४१०.” तो म्हणाला, “मावशे, बारा वर्सांचं व्याज.” आई म्हणाली, “मी काय सावकार हाय?” ४९० परत केले, तांदूळ ठेवून घेतला आणि त्याच तांदळाचा भात त्याला जेवायला घातला. तो गेल्यावर त्याच्या नावावर काट मारली. कुणाचा मुलगा यायचा, कुणाची सून. एका बाईनं पत्रातून ५० रुपये पाठवले, सोबत नवरा गेल्याचं लिहिलं होतं. ती काट मारताना आईचा हात बराच वेळ वहीवर राहिला.

गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले, कामगारांच्या घरांची सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो पात्र. वडील १९६४ सालीच गेले होते. मी आईला म्हटलं, तुझ्या २८ जणांपैकी सहा जणांना घर लागलं, तुला नाही. ती म्हणाली, “माझं नाव कुठल्या पटावर हुतं?” मला वाटलं, विषय संपला. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, “हुतं तसं. भिंतीवर.”

आमच्या चाळीचाही पुढे टॉवर झाला आणि आईला चौदाव्या मजल्यावर खोली मिळाली. मी डोंबिवलीला राहतो. “आता आमच्याकडं ये,” म्हणून दरवर्षी गणपतीत आर्जव करायचो. पाचव्या दिवशी विसर्जन झालं की ती पिशवी भरायची. किल्ली कमरेला. शेवटपर्यंत एकटी राहिली. आमच्या नातेवाइकांत यावर पुष्कळ चर्चा झाली, सुनेला बोल लागला, तो फुकटच लागला. तिला तिथं फक्त गॅलरी नव्हती याचा त्रास व्हायचा. मग लिफ्टसमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला “जेवलास का?” विचारायची. काही रहिवाशांना ते आवडायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये मला जाता येईना. ८८ वर्षांची बाई एकटी, म्हणून मी दिवसातून चार वेळा फोन करायचो. आठव्या-नवव्या दिवशी ती वैतागून म्हणाली, “सारखा फोन नगं करूस, हात पिठाचं हायती. चार माणसं वाढल्यात.” इमारतीचे चार वॉचमन अडकून पडले होते, बिहारचे. दोन महिने ते तिच्याकडं जेवले. भाषा एकमेकांची येत नव्हती. त्यांच्या आग्रहाखातर ती आमटीत तिखट कमी घालायला शिकली, हे मला तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं परिवर्तन वाटतं. जाताना त्यांनी पैसे पुढे केले. तिनं मोजून घेतले. फुकट जेवलेला माणूस पुन्हा येत नाही, असं तिचं मत होतं.

गेली ती झोपेत. आदल्या रात्री फडक्यात बांधलेली मटकी खुंटीला होती. सुतकात ती कुणी खाली काढली नाही. पाचव्या दिवशी फडक्यातून मोड बाहेर आले.

तेव्हा, संपादक महोदय, त्या बातमीत ‘त्या ९२ वर्षांच्या होत्या’ याच्यापुढं ‘डिलाईल रोड येथे १९६४ पासून त्या खाणावळ चालवत’ एवढं वाक्य हवं होतं. ते इथं छापून द्यावं. दाखल्याच्या फॉर्मवरची दुरुस्ती होते का, ते विचारायला मी सोमवारी जाणार आहे.

आणखी एक. आमच्याकडं तिचे फोटो आहेत ते लग्नातले, बारशातले, आधार कार्डावरचा. खाणावळीतला एकही नाही. त्या गॅलरीत शेगडीसमोर बसलेली, पदर खोचलेली आई कुणी टिपून ठेवलेली नाही. वहीत अजून पाच नावं काट न मारता राहिली आहेत. गावं आहेत मोरगिरी, ढेबेवाडी, मल्हारपेठ, आणि दोन मालवणकडची. त्यांच्या घरचं कुणी हे पत्र वाचत असेल तर बाकीची चिंता नको. पण त्या काळी गणपतीत एखादा गावकरी कॅमेरा घेऊन यायचा, पंगतीत बसल्या बसल्या फोटो काढून घ्यायची हौस सगळ्यांना होती. जुन्या ट्रंकेत असा एखादा फोटो असेल आणि मागं कोपऱ्यात भाकरी थापणारी बाई दिसत असेल, तर कृपया कळवा. माझा पत्ता संपादकांकडं दिलेला आहे.

आपला,
मावशीचा थोरला मुलगा
डोंबिवली (पूर्व)